जुन्या स्पिटफायरचे मागचे सस्पेन्शन सुधारताना

ट्रायम्फ स्पिटफायर या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारच्या मागच्या सस्पेन्शनमध्ये मुख्य भाग मोजकेच आहेत. डिफरेन्शियलच्या डोक्यावर आडवा बसवलेला एकच पाटा, दोन्ही बाजूंना एकेक हाफ शाफ्ट, चाकाजवळचा उभा दुवा, तो पुढेमागे सरकू नये म्हणून बॉडीपासून आलेला दांडा आणि एकेक शॉक ॲब्सॉर्बर. १९६२ पासून १९८० पर्यंत तीन लाखांहून अधिक स्पिटफायर कॉव्हेंट्रीत तयार झाल्या. आज हौसेने सांभाळल्या जाणाऱ्या जुन्या स्पोर्ट्‌स कारमध्ये ही गाडी सर्रास आढळते, कारण ती स्वस्त आहे आणि सुटे भाग अजून मिळतात. याच दोन गोष्टींमुळे मागच्या सस्पेन्शनवर प्रयोगही भरपूर होतात. त्यातले बरेच प्रयोग गाडीला आधीपेक्षा धोकादायक करून ठेवतात.

ही रचना मुळात १९५९ च्या ट्रायम्फ हेराल्डची. भारतीय वाचकाला ती वेगळ्या वाटेने ओळखीची आहे. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्‌स ऑफ इंडिया या कंपनीने १९६१ पासून स्टँडर्ड हेराल्ड बांधली. मागे तिघे बसले आणि डिकी भरली की फेंगडी होणारी तिची मागची चाकं जुन्या पिढीने पाहिलेली आहेत. इथल्या मेकॅनिकांना आणि चालकांना हा प्रकार मानवला नाही, म्हणून याच कंपनीने पुढे काढलेल्या गझेलमध्ये साधा अखंड ॲक्सल दिला. मेकॅनिकांची तक्रार रास्त होती. मात्र रिकाम्या गाडीचे वेगळेच वागणे त्यांच्या वाट्याला कमी येत असे. हेराल्डच्या बाबतीत ओझ्याखाली फाकणारी चाकं दिसायला वाईट होती. हलक्या, वेगवान स्पिटफायरमध्ये खरा धोका उलट दिशेला असतो: चाकं आत मुडपण्यात.

कारण असे. या जातीच्या सस्पेन्शनला स्विंग ॲक्सल म्हणतात. हाफ शाफ्टला डिफरेन्शियलजवळ एकच क्रॉस असतो. चाकाच्या बाजूला दुसरा सांधा नसतो. त्यामुळे चाक बिजागरीवरच्या दारासारखे त्या एका क्रॉसभोवती फिरते आणि शाफ्टशी सदैव काटकोनात राहते. क्रॉसपासून चाकापर्यंतची लांबी अर्धा मीटर धरली, तर चाक २५ मिलिमीटर वर किंवा खाली गेल्यावर त्याचा उभा कल जवळजवळ ३ अंशांनी बदलतो. ७५ मिलिमीटरला तो साडेआठ अंशांच्या पुढे जातो. एवढ्या कलाने टायर आपल्या कडेवर उभा राहतो.

वळणावर रस्ता बाहेरच्या टायरला आत ढकलतो. टायर जमिनीला टेकतो तो बिंदू आणि क्रॉस यांना जोडणारी रेषा गाडीच्या मध्यापर्यंत वाढवली, तर ती चाकाच्या मध्याहूनही उंच जाते. म्हणजे आडव्या बलाचा एक हिस्सा गाडीचा मागचा भाग वर उचलण्यात खर्च होतो. मागचा भाग उचलला की चाक खाली लोंबते, आत मुडपते, त्याची पकड घटते आणि गाडीचे शेपूट एकाएकी बाहेर जाते. वळणाच्या मध्यात घाबरून ॲक्सिलरेटर सोडणे सर्वांत वाईट. वजन पुढे सरकते, मागचा भाग आपोआप वर येतो आणि पुढचे सगळे घडायला आयतीच संधी मिळते. कोरडा रस्ता आणि चांगले टायर यांनी हा धोका कमी होत नाही, काही वेळा वाढतो; पकड जितकी जास्त, तितके उचलणारे बलही जास्त. मूळच्या क्रॉस-प्लाय टायरांच्या जागी आजचे रुंद रेडियल चढवणाऱ्याने ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी.

हा दोष एकट्या ट्रायम्फचा नव्हता. मर्सिडीजने ३०० एसएल गलविंगनंतरच्या १९५७ च्या रोडस्टरमध्ये ॲक्सलचा फिरण्याचा बिंदू खाली नेला. शेव्हरोले कॉर्वेअरच्या १९६० ते १९६४ च्या गाड्यांवर राल्फ नेडर यांनी १९६५ च्या आपल्या पुस्तकात टीका केली, ती याच रचनेमुळे. ट्रायम्फने तर हेच सस्पेन्शन १९६६ मध्ये सहा सिलिंडरच्या जीटी६ खाली घातले, टीका झाल्यावर १९६८ मध्ये तिला खालचे विशबोन आणि रबरी रोटोफ्लेक्स जोड दिले आणि काही वर्षांनी खर्च वाचवण्यासाठी तेही काढून टाकले. ते काढता आले, कारण तोवर १९७० च्या स्पिटफायर मार्क ४ साठी एक स्वस्त आणि विलक्षण हुशार उपाय सापडला होता.

तो उपाय म्हणजे झुलता पाटा, इंग्रजी नावाने स्विंग स्प्रिंग. आधीच्या तिन्ही मार्कांत पाट्याच्या सगळ्या पट्ट्या डिफरेन्शियलवर एकत्र घट्ट आवळलेल्या असत. मार्क ४ मध्ये फक्त एक पट्टी घट्ट ठेवली. बाकीच्या एका पेटीत मधल्या खिळीवर डुलत्या ठेवल्या. दोन्ही चाकं एकदम वर आली, तर सगळ्या पट्ट्या वाकतात आणि भार पेलतात. वळणावर एक चाक वर, दुसरे खाली गेले, तर डुलत्या पट्ट्या विरोध न करता नुसत्या कलतात. परिणामी गाडीचे कलंडणे आवरण्याचे काम मागून काढून पुढच्या अँटी-रोल बारवर टाकता येते, आणि म्हणून तो बारही कारखान्याने जाड केला. मागच्या बाहेरच्या चाकावर वळणात कमी भार आला की उचलणारे बलही कमी. पुढे शाफ्ट लांब करून मागच्या चाकांमधले अंतरही वाढवले.

या गाडीवरच्या सुधारणेची दिशा इथेच ठरते. मागे कडकपणा वाढवायचा नाही. चाकाला खाली लोंबण्याची मोकळीक कमी द्यायची आणि कलंडण्याला होणारा विरोध पुढे न्यायचा. दुकानातल्या ‘स्पोर्ट’ नावाच्या निम्म्या सामानाचे काम याच्या नेमके उलट असते. मागचा अँटी-रोल बार हे त्याचे ठळक उदाहरण. इतर गाड्यांना तो शोभतो. झुलत्या पाट्याच्या स्पिटफायरला तो बसवणे म्हणजे झुलत्या पाट्याने जे साधले ते पैसे देऊन पुसून टाकणे.

नवे सामान मागवण्याआधी जुन्याची तपासणी करावी, आणि तपासणीत काही सापडले तर सुधारणेचे पैसे आधी तिथेच जातील हे गृहीत धरावे. पुढचा दांडा सीटमागे बॉडीच्या पत्र्याला बसतो. तो पत्रा गंजतो. गंजलेल्या पत्र्यावर नवे बुश बसवले तरी चाक पुढेमागे होत राहते आणि मालक दोष शॉक ॲब्सॉर्बरला देतो. उभ्या दुव्याच्या तळाशी असलेला बोल्ट आतल्या नळीत गंजून इतका घट्ट बसतो की बरेचदा करवतीने कापावा लागतो. तो भाग आधीच मागवून ठेवलेला बरा. क्रॉसमध्ये ढिलाई असेल तर गिअर टाकताना किंवा ॲक्सिलरेटर सोडताना मागून ठक्‌ असा आवाज येतो.

हाफ शाफ्टबाबत मात्र काटकसर करू नये. या रचनेत तो फक्त चाक फिरवत नाही, चाकाला जागेवर धरूनही ठेवतो. बेअरिंगच्या बाहेर तो तुटला तर चाक हबसकट गाडी सोडून जाते. हब शाफ्टच्या निमुळत्या टोकावर चावीने बसलेला असतो, आणि तो सुटण्यासाठी दमदार पुलर लागतो. हातोड्याने ठोकून किंवा साध्या दोन पायांच्या पुलरने ओढून हबची कड वाकते; मग बेअरिंग नवे असूनही चाक डगमगते. घरी पुलर आणि प्रेस नसेल तर शाफ्ट काढून तो जाणत्या वर्कशॉपकडे द्यावा.

पाटा काढण्याची वाट सीटमागच्या झाकणातून आहे. काम अवघड नाही, पण ताणलेल्या पाट्यात साठलेली ऊर्जा बोटे चिरडायला पुरेशी असते. गाडी चासीखाली भक्कम स्टँडवर ठेवावी, नुसत्या जॅकवर कधीही नाही. शॉक ॲब्सॉर्बर सोडण्यापूर्वी उभ्या दुव्याखाली दुसरा जॅक लावावा. या गाडीत मोकळे चाक किती खाली लटकावे हे बऱ्याच अंशी शॉक ॲब्सॉर्बरच्या लांबीवर ठरते. तो सुटला की पाटा चाकाला आणखी खाली रेटतो आणि क्रॉसवर नको तेवढा ताण येतो.

हाच मुद्दा नवे शॉक ॲब्सॉर्बर निवडतानाही येतो. पूर्ण उघडल्यावर नवा नग मूळ नगापेक्षा लांब असेल, तर चाकाला मुडपण्यासाठी जास्त जागा मिळते. म्हणून मापपट्टी घेऊन दोन्ही नग उघडून शेजारी ठेवावेत, आणि नवा लांब निघाला तर तो परत करावा, कितीही नावाजलेला असो. कडकपणा बदलता येणारे नग असतील तर सुरुवात सर्वांत मऊ जागेपासून करावी. शॉक ॲब्सॉर्बरभोवती स्प्रिंग असलेले कॉइलओव्हर संच दिसायला आकर्षक असतात, पण चासीवरचा मूळ ब्रॅकेट फक्त धक्का शोषणाऱ्या नगासाठी केलेला आहे. गाडीचे वजन पेलणे हे त्याचे काम नव्हे, आणि ते तो दर खड्ड्यागणिक दाखवून देतो.

मार्क १ ते ३ च्या मालकासाठी सर्वांत शहाणा खर्च म्हणजे झुलता पाटा आणि त्यासोबत पुढचा जाड बार. दोन्ही एकत्र. एकटा पाटा बसवला तर गाडी वळणावर होडीसारखी कलते. पेटी आणि डिफरेन्शियलवरचे स्टड एकमेकांना जुळतात का, त्यांची लांबी पुरते का, हे जुना पाटा उतरवण्याआधी पाहावे. स्पिटफायरचा आणि जीटी६ चा झुलता पाटा दिसायला सारखा असला तरी ताकद वेगळी असते. नव्याने बनवलेले पाटे अनेकदा अपेक्षेपेक्षा उंच बसतात. मागचा भाग उंच राहिला म्हणजे चाकं आधीच आत मुडपलेली, आणि अशी गाडी पाटा ‘बसेपर्यंत’ वेगात चालवणे हा सुधारणेच्या नावाखाली घेतलेला पूर्ण जुना धोका असतो.

उंची कमी करायला डिफरेन्शियल आणि पाटा यांच्यामध्ये ठोकळा बसवतात. पाट्याचा मध्य वर जातो, गाडी खाली येते आणि चाकांचा माथा आत झुकतो. २५ मिलिमीटरच्या ठोकळ्याने कल जवळजवळ ३ अंशांनी बदलतो हे वरच्या हिशेबावरून कळेलच. त्यामुळे आधी मोजावे आणि मग ठोकळ्याची जाडी ठरवावी. ठोकळ्यासोबत लांब स्टड लागतात. आखूड स्टडवर नट जेमतेम पकडून समाधान मानू नये.

मोजणी सोपी आहे, पण एक फसगत टाळावी. जॅकवरून उतरवलेली स्पिटफायर काही वेळ मागून उंच राहते, कारण टायर आडवे सरकून जागेवर येत नाहीत. गाडी काही मीटर पुढे-मागे ढकलावी, मागचा भाग दाबून सोडावा आणि मगच माप घ्यावे. सपाट फरशी, निम्मी टाकी आणि चालकाच्या सीटवर त्याच्या वजनाइतकी वाळूची पोती. चाकालगत ओळंबा सोडून १३ इंची रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेचे अंतर मोजावे. सुमारे ६ मिलिमीटरचा फरक म्हणजे १ अंश. माथा एक-दोन अंश आत झुकलेला असणे ठीक. त्याहून बरेच जास्त झाले की टायरची आतली कड खाल्ली जाते. चाकं पुढून आत की बाहेर वळलेली आहेत हे पुढच्या दांड्याच्या ब्रॅकेटमागच्या शिमने ठरते. दोन्ही बाजू वर्कशॉप मॅन्युअलप्रमाणे आणि एकमेकींना समान हव्यात. मागची चाकं पुढून बाहेर उघडी राहिली तर सरळ रस्त्यावरही गाडी भरकटते.

रबरी बुशांचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असावी. लटकत्या सस्पेन्शनवर आवळले तर रबर कायम पिळलेले राहते, पाटा उंच धरला जातो आणि घेतलेले माप खोटे ठरते.

भारतात, महाराष्ट्रातही, अशी गाडी बाळगणाऱ्याला कायद्याची बाजूही पाहावी लागते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना आळा घालते. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होऊ शकते, पण ती मूळ स्वरूपात असावी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. चासीवर वेल्डिंग करून बसवलेला नवा ब्रॅकेट म्हणूनच दुहेरी महागात पडू शकतो.

काम झाल्यावर पहिली चाचणी मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर, कमी वेगात घ्यावी. वळणाआधी वेग उतरवून आत ॲक्सिलरेटर स्थिर ठेवावा. काहीशे किलोमीटर धावल्यावर पाट्याचे नट, दांड्याचे बोल्ट आणि हबचा नट मॅन्युअलमधल्या बळाने पुन्हा तपासावेत. त्याच वेळी ओळंबा लावून दोन्ही चाकांचा कल परत मोजावा, कारण नवा पाटा तोवर थोडा खाली बसलेला असतो आणि शिम किंवा ठोकळ्याची जाडी बदलावी लागू शकते.