‘निसर्ग’ नावाचं घर

गगनबावड्याहून कोल्हापूर सुमारे ५५ किलोमीटर. दवाखाना, बाजार, कोर्टाची तारीख, यांसाठी आम्ही तिकडं जातो. चित्रं बघायला म्हणून एसटीत बसले ती एकदाच, आईला घेऊन. अभिनेते चंद्रकांत मांडरे यांचं राजारामपुरीतलं ‘निसर्ग’ हे राहतं घर आता त्यांच्या चित्रांचं संग्रहालय आहे.

१. घरात लावलेल्या चित्रांशी माणूस वेगळा वागतो. दारात मी नकळत चप्पल काढली. तिथल्या माणसानं ‘राहू दे की ताई’ म्हटलं, तरी परत घालवेना. मोठ्या दालनात मला सारखं वाटतं, आपल्याला यातलं काही कळत नाही आणि ते सगळ्यांना दिसतंय. इथं मी पाहुणी होते. पाहुण्याची कुणी परीक्षा घेत नाही.

२. ज्याला भेटायला जावं तो राहतो बाजूला आणि दुसराच भेटतो. आई आली होती भालजी पेंढारकरांच्या ‘छत्रपती शिवाजी’मध्ये चंद्रकांतनी उभ्या केलेल्या महाराजांसाठी. १९५२ चा तो चित्रपट तिनं जत्रेतल्या तंबूत पाहिलेला. आधी ती भिंतींवर त्यांचा चेहरा शोधत होती. मग एका झाडासमोर थांबली. “हे आपल्याकडचंच की गं,” म्हणाली आणि हललीच नाही. मी मात्र नट वेगळा, चित्रकार वेगळा असं धरून चालले होते. कोल्हापुरात तसं कधी नव्हतंच. नाटकाचे पडदे रंगवणारे बाबूराव मिस्त्री पुढं बाबूराव पेंटर झाले, त्यांनी कॅमेरा घडवला, १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. त्यांच्याच १९३६ च्या बोलत्या ‘सावकारी पाश’मधून चंद्रकांत पुढं आले.

३. पाण्याशिवायही पाऊस काढता येतो, हे मला ठाऊक नव्हतं. मांडऱ्यांचा हातखंडा पावडर शेडिंगचा, म्हणजे कोरड्या भुकटीचा. आमच्याकडं चार महिने भिंतींना ओल, कपड्यांना कुबट वास, घाटात धुकं. त्या ओलीचा मी आयुष्यभर त्रास करून घेतला. इथं कुणीतरी तोच ओलसर उजेड कोरड्या रंगानं, इतक्या मायेनं धरून ठेवला होता. काचेजवळ जाऊन बघताना मी श्वास आवरून धरला. रांगोळीशेजारून जाताना आवरतो तसा.

४. घर देणं आणि देणगी देणं एक नाही. सत्तरी ओलांडल्यावर, १९८४ साली, त्यांनी चित्रांसह हे घर सरकारच्या हवाली केलं. आमच्यात वाटणीच्या वेळी एका खोलीवरून दोन भावांचं बोलणं बंद झालं, ते अजून आहे. ‘निसर्ग’च्या जिन्यावर उभी राहून मला तीच खोली आठवत होती. आईलाही आठवली असावी. आम्ही दोघी त्याबद्दल काही बोललो नाही.

५. नजर घरी घेऊन येता येते. पुढच्या रविवारी आम्ही पळसंब्याला गेलो. ओढ्याकाठी अखंड दगडात कोरलेली ती छोटी देवळं मी शाळेच्या सहलीपासून पाहत आलेय. तिथं जायचं, डबा उघडायचा, पाण्यात पाय सोडायचे, एवढंच. या वेळी डबा पिशवीतच राहिला. आईनं शेवाळ धरलेल्या एका कोपऱ्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, “एवढा दगड काढून टाकला, तो कुठं गेला असेल गं?”