सोडलेलं कुणाच्या पदरात पडणार?

चि. बाळ,



तुझं पत्र मिळालं. लेंटच्या उपवासकाळाआधी काय काय सोडायचं त्याची तू केलेली यादीही वाचली. शुक्रवारी रात्रीची मित्रांबरोबरची बैठक, सिगारेट, वेबसिरीज, बाहेरचं खाणं, अगदी चहासुद्धा. प्रभूसाठी जगणं बदलावं असं तुला आतून वाटलं, याचा मला फार आनंद झाला. तुझ्या वयाची मुलं असं काही बोलली की मोठी माणसं "होईल हळूहळू" म्हणून विषय संपवतात. मला तो संपवायचा नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

तुझ्या यादीत फक्त सोडणं आहे. सोडल्यावर मोकळ्या झालेल्या वेळेचं आणि पैशाचं काय करणार, याबद्दल एक अक्षर नाही. मत्तयाच्या बाराव्या अध्यायात प्रभूने रिकाम्या घराविषयी सांगितलं आहे. अशुद्ध आत्मा निघून गेला, घर झाडून-सजवून ठेवलं, पण आत राहायला कुणीच आलं नाही. मग तोच आणखी सात जणांना घेऊन परतला आणि त्या माणसाची दशा पहिल्यापेक्षा वाईट झाली. शुक्रवारी रात्री खोलीत एकटा बसून "आज गेलो नाही" एवढंच मनात घोळवत किती आठवडे काढशील? सवय मोडते ती तिच्या जागी दुसरं काही ठाण मांडून बसल्यावर.

संत ऑगस्टीनची आई मोनिका तुला ठाऊक आहे. तिच्या लहानपणाची एक गोष्ट त्याने आपल्या आत्मकथनात लिहून ठेवली आहे. आईवडील तिला पिंपातून द्राक्षारस काढून आणायला पाठवायचे. ती आधी नुसते ओठ लावायची, तेही खोडी म्हणून. मग रोज थोडं थोडं करत पेला भरून प्यायला लागली. एका भांडणात दासीने तिला तोंडावर दारुडी म्हटलं, ते तिच्या जिव्हारी लागलं आणि तिने ते तिथेच सोडलं.

तिची दुसरी गोष्ट मला याहून मोलाची वाटते. उत्तर आफ्रिकेत संतांच्या स्मृतिस्थानी खीर, भाकरी आणि द्राक्षारस घेऊन जाण्याचा रिवाज होता. मोनिका मिलानला आल्यावरही तसंच घेऊन गेली, तर दारावरच्या सेवकाने अडवलं. बिशप अँब्रोझ यांची मनाई होती. आयुष्यभराची, तीही भक्तीची सवय! तिने वाद घातला नाही, तोंड वाकडं केलं नाही. त्यानंतर ती तिथे मनापासूनच्या प्रार्थना नेऊ लागली आणि जे जमेल ते गरिबांना देऊ लागली. तिने जे सोडलं ते कुणाच्या तरी पदरात पडलं. तुझ्या यादीत मला हेच हवं आहे.

दुसऱ्या शतकात रोममध्ये हर्मास नावाचा ख्रिस्ती लेखक होऊन गेला. त्याने उपवासाचा हिशेबच सांगितला आहे: त्या दिवशी जे जेवला असतास त्याची किंमत काढ आणि ती विधवेला, पोरक्याला, गरजवंताला दे. यशयाच्या 58व्या अध्यायातही देवाला आवडणारा उपवास भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा देण्याचा आहे. तेव्हा एका शुक्रवारचं बिल किती होतं ते कागदावर लिही. ती रक्कम त्याच रात्री बाजूला काढ आणि ज्याचा चेहरा तुझ्या ओळखीचा आहे अशा माणसाला दे. तुमच्या इमारतीच्या वॉचमनची मुलगी यंदा दहावीला आहे, असं तूच मागे म्हणाला होतास.

त्या बैठकीतल्या दारूबद्दल एक वेगळं. आठवड्यातून एकदाच घेत असशील तर थांबवणं तुझ्या हातात आहे. पण रोजची झाली असेल आणि आम्हाला सांगितलं नसेल, तर स्वतःच्या मनाने एकाएकी बंद करू नकोस. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक सोडली तर हात थरथरतात, कधी फिट येते, जिवावरही बेततं. आधी डॉक्टरांकडे जा. पुण्यात 1986पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र हेच काम करतं आहे. प्रार्थना करणाऱ्याने डॉक्टरांकडे जाणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे.

चहा सोडणं राहू दे. त्याऐवजी जे यादीत नाही ते लिही. नाताळात तू घरी आला होतास. वहिनी बँकेचा ओटीपी कुठे टाकायचा ते पुन्हा विचारत होत्या, आणि तू मोबाईलवरून मान वर न करता "किती वेळा सांगायचं?" म्हणालास. त्या फोन पदराने पुसत स्वयंपाकघरात गेल्या. सिगारेट सोडलेल्या पण आईवर खेकसणाऱ्या मुलाला प्रभू काय म्हणेल, याचा तू विचार कर.

आपल्याच लक्ष्मीबाई टिळकांचं बघ. त्यांच्या यजमानांचा, टिळकांचा, बाप्तिस्मा 1895चा. त्यानंतरही कितीतरी काळ लक्ष्मीबाईंनी सोवळं-ओवळं कडक पाळलं. राहुरीत असताना देवाने जात केली की माणसाने, या विचारापाशी त्या आल्या आणि विटाळ सोडला. त्यांचा बाप्तिस्मा 1900 साली, म्हणजे त्यानंतर झाला. शरीराला लागलेली सवय सुटली ती दुसऱ्याच्या हातचं पाणी घ्यायला. पुढे त्यांच्या घरात पोरकी मुलं वाढली. माणसांना जवळ येऊ न देणारी सवय कुठली, ती आधी शोध.

हे सगळं व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर टाकू नकोस. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात उपवासाचं प्रदर्शन करणाऱ्यांना प्रभूने काय म्हटलं ते वाच. मात्र एका विश्वासू माणसाला सगळं खरं सांगून ठेव. याकोबाने एकमेकांजवळ पापं कबूल करायला आणि एकमेकांसाठी प्रार्थना करायला सांगितलं आहे, ते उगीच नाही. तुमच्या पाळकसाहेबांना सांग, मला सांगितलंस तरी चालेल. मधेच घसरलास तर "आता पुढच्या लेंटला बघू" असं मात्र म्हणू नकोस. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सुरू कर.

या रविवारी उपासनेनंतर वहिनींना फोन कर, आणि ओटीपी नीट समजेपर्यंत फोन ठेवू नकोस.

तुझी,
आत्या