वृत्तभाषा आणि युवा-उपसंस्कृतीची साचेबंद प्रतिमा

तरुणांच्या एखाद्या गटाची समाजमनात रुजलेली साचेबंद प्रतिमा ही वृत्तपत्रांनी पसरविलेल्या असत्याचे फलित होय, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हे मत अपुरे आहे. अशी प्रतिमा पुष्कळदा खऱ्या घटनेच्या कथनपद्धतीतून आकारास येते. या दृष्टीने स्टॅन्ली कोहेन यांचा ‘फोक डेव्हिल्स अँड मॉरल पॅनिक्स’ (१९७२) हा समाजशास्त्रीय ग्रंथ वाङ्मयाच्या अभ्यासकांनाही उपयुक्त ठरतो.

१९६४ च्या ईस्टरच्या सुटीत इंग्लंडमधील क्लॅक्टन या समुद्रकाठच्या गावी तरुणांच्या टोळक्यांत चकमकी झाल्या. नेटक्या पोशाखातले, स्कूटरवरून हिंडणारे ते ‘मॉड्स’. कातडी जाकिटे घालणारे, मोटारसायकलस्वार ते ‘रॉकर्स’. हवा थंड व ओली होती. करमणुकीची साधने तुटपुंजी होती. काही खिडक्या फुटल्या, ९७ जणांना अटक झाली. वृत्तपत्रांत मात्र ‘लढाई’, ‘वेढा’, ‘हल्ला’ अशी युद्धाची परिभाषा अवतरली.

कोहेन यांनी नोंदविलेल्या कथनयुक्ती लक्षणीय आहेत. एक होडी उलटली असता ‘होड्या उलटल्या’ असे अनेकवचन योजले गेले. खराब हवेमुळे ओस पडलेला किनारा दहशतीमुळे ओस पडल्याचा भास निर्माण झाला. पुढे मार्गेट येथे एका मुलाने ७५ पौंडांचा दंड धनादेशाने भरण्याची तयारी दाखविली. हे उद्गार खरेच होते. परंतु त्याचे बँकेत खातेच नव्हते. ती केवळ फुशारकी होती. तरीही ‘पैशाने माजलेली पिढी’ या प्रतिमेचा पुरावा म्हणून हा प्रसंग पुढे वर्षानुवर्षे सांगितला गेला.

याहून दूरगामी प्रक्रिया प्रतीकीकरणाची. प्रथम ‘मॉड’ हा शब्द उपद्रवाचा वाचक बनला; मग केशरचना व पोशाख त्या शब्दाचे द्योतक झाले; अखेरीस निव्वळ पोशाखही संशयास पुरेसा ठरला. काही अपराध न करताही केवळ दिसण्यावरून तरुणांची रेल्वेस्थानकाकडे रवानगी होऊ लागली. त्यातच ‘पुन्हा असे घडणारच’ हे भाकीत वर्तविले जाई. परिणामी पुढच्या सुटीत पोलीस, बातमीदार आणि बघे आधीच सज्ज असत. प्रसंगाला रंगमंच लाभे आणि तरुणही नेमून दिलेली भूमिका वठवीत.

या मांडणीला मर्यादा आहेत. अँजेला मॅक्रॉबी आणि सारा थॉर्नटन यांनी १९९५ मध्ये दाखविल्याप्रमाणे, तरुणांची स्वतःची नियतकालिके असतात, बदनामीला प्रत्युत्तर देणारे गट असतात; कित्येकदा ही बदनामीच उपसंस्कृतीला प्रतिष्ठा मिळवून देते. म्हणजेच तरुण हे या कथनाचे केवळ बळी नसून त्याचे वाचक आणि प्रसंगी सहनिर्मातेही असतात.

परंतु यामुळे कोहेन यांचा मूळ मुद्दा बाधित होत नाही. बातमीतील तपशिलांची सत्यासत्यता तपासणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. वचन, रूपक, विशेषण आणि निवडलेला एकच प्रसंग यांतून पात्र कसे घडते, हा प्रश्न मूलतः वाङ्मयीन अभ्यासाचा आहे. कथेतील खलपात्राबाबत तो विचारला जातो. बातमीतील खलपात्राबाबत तो अधिक निकडीने विचारला पाहिजे, कारण तेथे शिक्षा होते ती जिवंत माणसाला.