हवेवरची गाडी डिझेलपेक्षा काटकसरी असते का?

प्रश्न : टाटा मोटर्सने २००७ मध्ये फ्रान्सच्या एमडीआय कंपनीशी हवेवर चालणाऱ्या गाडीसाठी करार केला होता. हवा फुकट आणि धूरही नाही. मग ही गाडी डिझेलपेक्षा कमी ऊर्जेत चालत नाही का?

उत्तर : नाही. हवा फुकट असली, तरी ती दाबून भरायला वीज लागते. सायकलचा पंप हवा भरताना तापतो, हे तुम्ही अनुभवलेच असेल. ३०० बार दाबापर्यंत हवा भरताना हीच उष्णता मोठ्या प्रमाणावर वाया जाते. पुढे इंजिनात प्रसरण पावताना हवा इतकी गार होते की बाष्पाचा बर्फ धरू शकतो, आणि दाबही झपाट्याने उतरतो.

३०० बारच्या ३०० लिटर टाकीतून आदर्श परिस्थितीतही जेमतेम १२ युनिट ऊर्जा मिळते. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट असतात.

चांगले डिझेल इंजिन इंधनातली ३५ ते ४० टक्के ऊर्जा कामी लावते. शहरातल्या थांबत-थांबत प्रवासात हे प्रमाण घटते. कोळशाच्या विजेवर हवा भरली, तर वीजकेंद्र, कॉम्प्रेसर आणि हवेचे इंजिन अशी तिहेरी गळती होऊन मूळ इंधनातली साधारण दहा-पंधरा टक्केच ऊर्जा हाती लागते.

ठिणगीचा धोका असलेल्या खाणींत हवेची इंजिने उपयोगी ठरली आहेत. रस्त्यावर मात्र धूर टाळायचा असेल, तर तीच वीज बॅटरीत भरा; गाडी कितीतरी लांब जाईल.