डबा बंद केला म्हणजे झालं?

मेसमधल्या थंड पाण्याच्या ग्लासला बाहेरून घाम का फुटतो, हे आपण सगळ्यांनीच परीक्षेत लिहिलंय. हाच घाम कॅमेऱ्याच्या सेन्सरवर आला तर काय होतं, हे मला प्रोजेक्टमुळे समजलं.

दुर्बिणीच्या सीसीडी कॅमेऱ्यात अंधारातही उष्णतेमुळे इलेक्ट्रॉन जमत राहतात. तापमान साधारण ६-७ अंशांनी उतरवलं की हा 'डार्क करंट' निम्मा होतो. म्हणून पेल्टियर लावून सेन्सर उणे २० अंशांपर्यंत थंड करतात. पण त्यावर बर्फ धरला तर फोटो डागाळतो, आणि तो वितळून पिनांमध्ये पाणी गेलं तर सेन्सरच जातो.

'पेटी सील केली की झालं', असं बहुतेकांना वाटतं. जरा हिशोब करू. पावसाळ्यात ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असताना एक लिटर हवेत सुमारे २४ मिलिग्रॅम बाष्प असतं. उणे २० अंशांना त्यातलं जेमतेम १ मिलिग्रॅम हवेत टिकतं. बाकीचं जाणार कुठे? सर्वांत थंड भागावर! म्हणजे आपणच चोराला घरात घेऊन कुलूप लावलं.

तेव्हा ज्युनियर्सनी एवढं पाळावं :

१. झाकण लावण्याआधी आत कोरडा नायट्रोजन फिरवावा आणि ओव्हनमध्ये सुकवलेलं सिलिका जेल ठेवावं.

२. रबरी ओ-रिंगमधूनही बाष्प हळूहळू झिरपतं. जेलचा रंग बदलला की ते पुन्हा सुकवावं.

३. समोरची काचही गार पडून बाहेरून धुरकटते. तिच्या कडेला छोटे रेझिस्टर लावून ती किंचित कोमट ठेवावी.

४. पेटी थंड असताना कधीही उघडू नये. आधी सेन्सर खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा, मगच स्क्रूला हात लावावा.

हा त्रास फक्त आपल्यालाच आहे असं नाही. २०२३ मध्ये सोडलेल्या 'युक्लिड' या युरोपीय अवकाश दुर्बिणीच्या आरशांवरही बर्फाचा अतिसूक्ष्म थर जमला. अवकाशात दमट हवा कुठली? ते पाणी पृथ्वीवर जोडणी होतानाच आत शिरलेलं होतं. मार्च २०२४ मध्ये एक आरसा उणे १४७ वरून उणे ११३ अंशांपर्यंत तापवला, तेव्हा कुठे नजर साफ झाली.

थोडक्यात काय, थंड करण्याआधी कोरडं करा. आपल्याला निदान झाकण उघडून जेल बदलता येतं. युक्लिडपर्यंत स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कोण जाणार?