छातीत धडधडलं की आधी नाडी धर

अगं, छातीत एकदम धडधडायला लागलं की आधी खाली बस आणि नाडी धर. मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी, दुसऱ्या हाताची दोन बोटं ठेव. अंगठ्याने मोजू नकोस, त्याचे स्वतःचेच ठोके लागतात. घड्याळ बघून अर्धा मिनिट मोज आणि दुप्पट कर. स्वस्थ बसलेल्या माणसाचे ठोके मिनिटाला ६० ते १००. लयीत पडतायत की मधेच चुकतायत, तेही बघ. सगळं लिहून ठेव. नुसतं ‘धडधडतं’ म्हटल्यावर डॉक्टरांनी काय ओळखायचं?

मग त्या दिवसाचं आठव. उपवासाला नुसता चहा झाला? उन्हातून आलीस? जुलाब झाले होते? जुलाबात पाण्याबरोबर पोटॅशियमही जातं, आणि त्याने हृदयाची लय बिघडते. नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या काही गोळ्या, दम्याचा पंप, यांनीही ठोके वाढतात. मधुमेहाच्या माणसाने इन्शुलिन घेतलंय, जेवण लांबलंय आणि घाम फुटून हात थरथरतायत, तर साखर उतरली असणार. शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून दे.

आपल्या बायकांचं ऐकून घेत नाहीत, याचा मला फार राग येतो. जिना चढताना धाप लागते, धडधडतं, आणि घरचे म्हणतात, ‘टेन्शन घेऊ नकोस.’ टेन्शनने धडधडतं, नाही कशाला म्हणू? पण आधी रक्त तपासा! पाळीत अंगावरून जास्त जात असेल तर हिमोग्लोबिन उतरतं. बाईचं १२च्या वर हवं. फार खाली गेलं की आहे तेवढंच रक्त पळवायला हृदयाला धावावं लागतं. भूक चांगली असून वजन उतरत असेल, सारखं उकडत असेल, तर थायरॉइडही बघून घे.

धडधड बटण दाबल्यासारखी सुरू होऊन तशीच थांबते, ठोके दीडशेच्या वर जातात, तर हृदयातल्या विजेच्या मार्गात दोष असू शकतो. थांबल्यावरचा ईसीजी बहुतेक वेळा साफ येतो आणि लोकांना सगळं मनाचे खेळ वाटतात. म्हणून धडधडत असतानाच, कुणाला तरी सोबत घेऊन, जवळच्या दवाखान्यात पट्टी काढून घे. ती जपून ठेव.

छातीत दुखलं, श्वास पुरेना, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर मात्र मोजत बसू नकोस. १०८ला फोन कर. स्वतः गाडी चालवायची नाही. दाराची कडी काढून ठेव आणि चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाक.