घरचा गुण्या

सुताराची पेटी उघडून पाहा. करवत, पटाशी, वाकस, रंधा, मोगरी, गुण्या. यांतली पाती पोलादाची. ते काम लोहाराचे. मोटारीचा जुना पाटा तापवून तो त्याचे वाकस करून देईल. आपल्याला ते घरी जमायचे नाही. पण दांडे, मुठी, मोगरी, गुण्या ही लाकडाची कामे आपल्या हातची आहेत. मग त्यांना पैसे का मोडावे?

मोगरी सोपी. वाळलेल्या बाभळीचा ठोकळा घ्या, भोक पाडून दांडा घाला, झाली. गुण्याला मात्र जपून काम करावे लागते. गुण्या म्हणजे काटकोन दाखवणारे हत्यार. तोच खोटा निघाला तर चौकट तिरकी होते, दार लागत नाही, आणि विकत आणलेले सागवान फुकट जाते.

लाकूड पुरते वाळलेले हवे. ओले लाकूड वाळताना आकसते. लांबीत थोडे, रुंदीत पुष्कळ. आज खरा असलेला गुण्या मग चार महिन्यांनी खोटा होतो. बिनगाठीचे, सरळ रेषांचे साग घ्यावे. शिसवीचा तुकडा मिळाला तर सोन्याहून पिवळे!

दोन तुकडे करू. एक जाड : २० सें.मी. लांब, ५ रुंद, अडीच जाड. हा गुण्याचा हात. दुसरी पातळ पट्टी : ३० लांब, ५ रुंद, अर्धा सें.मी. जाड. कडा रंध्याने सरळ करू. हाताच्या टोकाला, जाडीच्या मधोमध, करवतीने ५ सें.मी. खोल खाच पाडू. पट्टी तिच्यात घट्ट बसली पाहिजे. मग सरस लावून बसवू.

सरस ओला आहे तोवर कोन जुळवावा. घराचा पाया आखताना गवंडी दोरीने ३ हात, ४ हात आणि तिरके ५ हात मोजतो ना? तेच इथे. आतल्या कोपऱ्यापासून हातावर १२ सें.मी.वर खूण करा, पट्टीवर १६ वर. दोन खुणांमधले अंतर बरोबर २० भरले की काटकोन झाला. सरस वाळला की आरपार भोके पाडून बांबूच्या दोन मेखा ठोकाव्या.

आता खरी परीक्षा. सरळ कडेची फळी घ्या. गुण्याचा हात तिच्या कडेला दाबून धरा. पट्टीच्या बाहेरच्या कडेने बारीक रेघ ओढा. मग गुण्या उलटा करा, आणि त्याच ठिकाणापासून दुसरी रेघ ओढा. रेघेवर रेघ पडली तर गुण्या खरा. रेघा फाकल्या तर खोटा. फट २ मि.मी. असेल तर चूक १ मि.मी.ची, कारण फटीत ती दुप्पट दिसते. खरी रेघ त्या दोघींच्या मधोमध असते. पट्टीची कड तिच्याशी जुळेपर्यंत रंध्याने थोडी थोडी उतरवावी. घाई करू नये. उतरलेले लाकूड परत चिकटत नाही.

बाजारातला पोलादी गुण्या वाईट नसतो. तो पुष्कळ दिवस टिकतो. पण दगडावर आपटला तर तोही बिघडतो, म्हणून त्याचीही हीच परीक्षा घ्यावी. लाकडी गुण्या हवेतली ओल पितो. तो भिंतीला टेकून ठेवू नये, खुंटीला टांगावा. पावसाळा सरला की पुन्हा दोन रेघा ओढून पाहाव्या.